दार उघडल्यावर डाव्या हाताला काय?

आमच्या शेजारच्या किल्लीवाल्यांना ऐकू कमी येतं, हे समजायला मला त्यांच्या घरी जावं लागलं नाही. त्यांच्या घरातलं कुठलंच वाक्य ऐकायला मला माझ्या खुर्चीतून उठावं लागत नाही. चाळीस वर्षं कानाशी कानस आणि हातोडी चालली, त्यात कान गेले. आणि घरातल्या एकाचे कान गेले की दुसऱ्याचा आवाज वाढतो. त्यांची बायको, जिला मी ताई म्हणते, मुळात मऊ बोलणारी. आता "अहो, पाठ चोळून देऊ का?" हे तिला अशा पट्टीत विचारावं लागतं की तळमजल्यावरचा इस्त्रीवाला "नको" म्हणतो.

मी काही मुद्दाम ऐकत नाही. भिंत पातळ आहे, तो बांधणाऱ्याचा दोष. भिंतीला पेला लावते तो फक्त बारकावे निसटू नयेत म्हणून.

किल्लीवाल्यांचं दुकान जिन्याखाली आहे. आत एकच माणूस मावतो, तोही श्वास सोडून. पण धंद्याचा कायदा मोठा कडक. कुणी घाबराघुबरा येऊन "किल्ली हरवली, चला, दार उघडून द्या" म्हणाला की हे आधी विचारतात, "दार उघडल्यावर डाव्या हाताला काय आहे?" माणूस सांगतो, चपलांचं कपाट. मग हे जातात, कुलूप उघडतात, स्वतः आधी आत डोकावतात. डावीकडे कपाट नसेल तर दार परत ओढून घेतात आणि चालू लागतात.

एकदा आमचे हे बाहेर अडकले. वीस वर्षांचा शेजार, तरी किल्लीवाल्यांनी प्रश्न विचारलाच. आमचे हे म्हणाले, "टीव्ही असावा." टीव्ही उजवीकडे आहे. मी बाजारातून येईपर्यंत हे पायरीवर बसून होते. मी भांडायला गेले तर किल्लीवाले म्हणाले, "वहिनी, ओळख वेगळी आणि उत्तर वेगळं." विचार केल्यावर मलाही पटलं. स्वतःच्या घरात डावीकडे काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो नवरा थोडा वेळ बाहेर बसलेलाच बरा.

तर कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं लावायला सांगितली आणि किंमत सांगितली. ती मात्र किल्लीवाल्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आली. ताई म्हणाली, "सध्या एकाच कानाचं घेऊ."

"अर्धं ऐकून काय करू? अर्धंच भांडायचं का?"

ट्रंकेत जुनी कुलपं होती. जुन्या कुलपांना शौकीन लोक चांगले पैसे देतात आणि इंटरनेटवर त्यांचा लिलाव होतो, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. त्यांनी माशाच्या आकाराचं एक पितळी कुलूप लिलावाला लावलं. बोली चढली, एकाने घेतलं आणि 'पैसे जमा' असं हिरव्या बरोबरच्या खुणेसकट चित्र मोबाइलवर पाठवलं. किल्लीवाल्यांनी पार्सल धाडलं. बँकेत गेले तर खात्यात एक दमडी नाही. चित्रातले पैसे चित्रातच राहिले आणि मासा पोहत निघून गेला.

त्या संध्याकाळी मला पेला लागला नाही. ताई एवढंच म्हणाली, "दुनियेला विचारता, डाव्या हाताला काय? ह्याला का नाही विचारलंत?"

आता ट्रंकेत एकच मोलाची चीज उरली होती: ताईच्या वडिलांनी घडवलेलं कुलूप. सात तरफांचं, दोन भोकांचं, त्यातलं एक भोक खोटं. वजन एवढं की चोराने कुलूप फोडण्यापेक्षा तेच पळवावं. ते बंद करून वडिलांनी किल्ली वितळवली होती आणि दुकानात पाटी लावली होती, 'उघडून दाखवा, दुकान घ्या.' लांबलांबचे कारागीर आले, घाम पुसत परत गेले. किल्लीवाले तेव्हा तिथेच शिकाऊ होते. त्यांनाही जमलं नाही. दुकान त्यांना पुढे मिळालं ते कुलपाच्या वाटेने नव्हे, मालकाच्या मुलीच्या वाटेने. छत्तीस वर्षांच्या संसारात भाजीत मीठ कमी पडल्यापासून गॅस संपेपर्यंत कुठलाही वाद शेवटी एकाच वाक्यावर यायचा: "माझ्या वडिलांचं कुलूप तर तुम्हाला उघडता आलं नाही!" ह्यावर किल्लीवाले गप्प. मला वाटायचं, ऐकू येत नसेल.

ताईने अट घातली. "वडिलांचं कुलूप विका, माझी ना नाही. पण पैसे सांभाळणारी कंपनी आधी पारखून घ्या. आणि पैसे आपल्या बँकेत दिसल्याशिवाय पार्सल ह्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मासा गेला तो गेला. हे गेलं तर मी बोलणंच बंद करीन."

"मग यंत्रं कशाला घ्यायची?" असं किल्लीवाले पुटपुटले. ते तिला ऐकू गेलं. तिचे कान शाबूत आहेत.

अशा कंपन्या मध्ये बसतात. गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःकडे ठेवतात, मग विकणाऱ्याला देतात आणि मधल्या मधे आपली टक्केवारी कापतात. साधा माणूस काय बघेल? टक्का कुणाचा कमी ते. किल्लीवाल्यांनी टक्क्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "कुलूप घेताना वजन बघत नाहीत, वहिनी. ते किती वेळात उघडतं ते बघतात." त्यांनी तीन कंपन्यांमध्ये खाती काढली आणि मग स्वतःच्याच खात्यांवर दरोडा घालायला बसले.

पहिल्या कंपनीत फोनवर गोड आवाजाची मुलगी होती. किल्लीवाल्यांनी स्पीकर लावला, गळा काढला: पासवर्ड विसरलो, नंबर बदलला, बायको दवाखान्यात. मुलगी विरघळली. चार मिनिटांत खातं उघडून दिलं, वर "काका, काळजी घ्या" म्हणाली.

"पोरी, मी चोर आहे," किल्लीवाल्यांनी सांगितलं आणि खातं बंद केलं.

दुसऱ्या कंपनीत माणूसच नव्हता. एक दाबा, दोन दाबा, वाट बघा, गाणं ऐका. ज्याला ऐकू येत नाही त्याला गाणं! पाऊण तास ते गाणं अख्ख्या मजल्याने ऐकलं. किल्लीवाले म्हणाले, "ज्याला किल्लीचं भोकच नाही ते कुलूप नव्हे, ती भिंत. अडचणीत भिंतीशी काय बोलायचं?"

तिसरी कंपनी सगळ्यांत महाग. फोनवर एक बाई, आवाज असा की कढत दुधावर पडला तर दूध नासावं. तिच्यापुढे किल्लीवाल्यांचा गळा काढून झाला, विनवण्या झाल्या. ती म्हणाली, "ओळख पटवा." बस्स. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "वहिनी, बाईमाणसाचं रडणं वेगळं. तुम्ही माझी बायको व्हा."

असा प्रस्ताव मला किती वर्षांनी आला होता! ताई बाजारात गेली होती. मी पदर खोचला.

ठरलं होतं एवढंच की मी म्हणायचं, नवरा आजारी आहे. पण मी शाळेत नाटकात काम केलेली बाई. रडायला लागले की मला लगाम राहत नाही. पहिल्या मिनिटाला तापाने फणफणलेले किल्लीवाले दुसऱ्या मिनिटाला शुद्ध हरपून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला मी हंबरडा फोडला, "गेले हो! मला टाकून गेले!"

किल्लीवाले समोर बसून अंगठा वर करत होते. मी त्यांना कुठल्या गावी पाठवलं हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"दुःख झालं," बाई म्हणाली. "मृत्यूचा दाखला पाठवा. त्याशिवाय काही होणार नाही." आणि फोन ठेवला. मी नकाराची मान हलवली.

"नाही उघडलं!" किल्लीवाले आनंदाने ओरडले. "हीच आपली! हिच्या हातात मी घराची किल्ली देईन!"

आणि ताईच्या वडिलांचं कुलूप लिलावाला चढलं. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'आजवर कोणालाही न उघडता आलेले कुलूप.' आठ दिवस बोली चढत होती. शेवटी एका लांबच्या शौकिनाने घेतलं. दोन्ही कानांची यंत्रं येऊन वर एका नव्या पंख्याचे पैसे उरावेत एवढी किंमत आली. त्याने लगेच तिसऱ्या कंपनीत पैसे भरले. पाच दिवसांत पार्सल निघालं पाहिजे, नाहीतर व्यवहार रद्द, असा लिलावाचा नियम.

किल्लीवाले ते पैसे आपल्या बँकेत वळवायला गेले तर कंपनीतलं खातं हलेना. लिहून आलं होतं: खातेदार मयत झाल्याची माहिती पत्नीने दिल्यामुळे दाखला मिळेपर्यंत रक्कम काढता येणार नाही.

ताईने ते दोनदा वाचलं. मग आमच्या दारावर अशी थाप पडली की आमचे हे पलंगाखाली चप्पल शोधायला गेले ते बाहेरच आले नाहीत.

"पत्नी कोण?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, "ताई, जरा बस."

"माझ्या नवऱ्याला मारताना मला विचारायचं तरी!"

पुढचे तीन दिवस फोन लागत होता आणि प्रत्येक वेळी तीच बाई. किल्लीवाले ओरडायचे, "मी जिवंत आहे!" ती म्हणायची, "असं कुणीही म्हणेल." ताई म्हणाली, "मी त्यांची बायको." तर बाईचं उत्तर तयार, "आमच्याकडे पत्नीचा आवाज नोंदवलेला आहे. तो हा नाही." किल्लीवाल्यांनी स्वतःचीच परीक्षा एवढी चोख घेतली होती की आता खुद्द मालक दाराबाहेर आणि राखणदार आत. कागद पाठवले, आरशासमोर उभं राहून फोटो पाठवले.

पाचव्या दिवशी सकाळी बाईचाच फोन आला. कागद बरोबर आहेत. शेवटची खात्री म्हणून, खातं काढताना तुम्ही स्वतः लिहिलेला गुप्त प्रश्न विचारीन. उत्तर एकदाच द्यायचं. चुकलं तर महिनाभर काही नाही.

मी गुन्हेगार म्हणून हजर होतेच. फोन टेबलावर, स्पीकर पूर्ण. बाजूला बांधून ठेवलेलं पार्सल. किल्लीवाल्यांचा चेहरा एकदम धुतलेल्या फडक्यासारखा पडला. "आत्ता? इथे? स्पीकरशिवाय नाही का..." पण स्पीकरशिवाय त्यांना ऐकू आलं असतं तर हे रामायण झालंच नसतं.

बाईने वाचलं, "सासऱ्यांचं कुलूप मी किती मिनिटांत उघडलं?"

ताई हसली. "अहो, हा काय प्रश्न? सांगा तिला, उघडलंच ना—"

"अकरा!" किल्लीवाले एवढ्या जोरात ओरडले की जिन्यातलं मांजर पळालं. "अकरा मिनिटं!"

"बरोबर," बाई म्हणाली.

ताई फोनकडे बघत नव्हती. ती पार्सलकडे बघत होती. "कधी?"

"शिकाऊ होतो तेव्हा. दुकानात एकटाच होतो."

"आणि?"

"परत बंद केलं."

"का?" हे तिने ओरडून नाही विचारलं. तरी त्यांना कळलं.

"सांगितलं असतं तर दुकान मला मिळालं असतं. तुझे वडील दुकान सोडून गेले असते. त्यांच्याबरोबर तू पण. नुसतं दुकान घेऊन काय करायचं होतं?"

मी, खरं सांगते, पदर डोळ्यांना लावला. ह्या खेपेला नाटक नव्हतं. पण ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे छत्तीस वर्षं मी मारलेले टोमणे सगळे फुकट गेले? आता मी भांडताना काय म्हणू?"

"माफ करा," फोनमधून आवाज आला. बाई अजून होतीच! "तुमची लिलावाची जाहिरात माझ्यासमोर आहे. त्यात 'कोणालाही न उघडता आलेले' असं आहे. गिऱ्हाइकाला खरं कळवा. त्याचं लेखी उत्तर आलं की पैसे सोडते."

किल्लीवाल्यांनी अभिमानाने मान डोलावली. फास त्यांच्याच गळ्याला होता, तरी राखणदार पक्का निघाला ह्याचा आनंद जास्त. मीच त्यांचा मजकूर टाइप केला: कुलूप एकदा उघडलं आहे, मीच उघडलं, नको असेल तर पैसे परत घ्या. मग दुपारपर्यंत तिघं जण मोबाइलकडे असे बघत बसलो की जणू त्यातून पिल्लू बाहेर यायचंय. पोस्ट पाच वाजता बंद होतं.

चारच्या सुमारास उत्तर आलं. ताईने मोठ्याने वाचलं. 'मला कुलूप हवंच आहे. फक्त एक सांगा, कोणतं हत्यार वापरलंत?'

"सायकलची तार," किल्लीवाले म्हणाले. "वाकवलेली."

पैसे बँकेत दिसले आणि पार्सल उंबऱ्याबाहेर गेलं. नेलं मी, धावत, चौथ्या मजल्यावरून. गुन्ह्याची शिक्षा म्हणून.

आता यंत्रं येऊन पंधरा दिवस झाले. बाईने सांगितलं होतं, गुप्त प्रश्न उघड झाला, नवा ठेवा. तो त्यांनी ठेवला, पण यंत्रं आल्यावर, मुकाट्याने, नुसती बोटं चालवून. काय ठेवला ते मला अजून कळलेलं नाही, आणि ह्या वयात असला त्रास बरा नव्हे. काल दोघं पलीकडे काहीतरी बोलत होती. हळू. ताई हसली, तेही हळू. मी पेला काढला, भिंतीला लावला, श्वास रोखला.

पलीकडून किल्लीवाल्यांचा आवाज आला, अगदी साधा, न ओरडता.

"वहिनी, पेल्यात चहा घ्या. कान नका घालू."