सेट आणि पाण्याचा पेला

अकरावीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवते. ‘सेट’ या एवढ्याशा शब्दावर माझा अख्खा तास जातो. दही सेट होतं, पेपर सेट करतात, कपबशांचाही सेट असतो. त्यातला बसवणं या अर्थाचा सेट जुन्या इंग्रजीतला. समूहाचा सेट मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. दोन घरची माणसं एकाच नावानं नांदतायत. पोरं खुशाल जांभया देतात.

मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो बाबांच्या तोंडी. खुलताबादकडच्या गावांत त्यांनी उभा जन्म पंपसेट दुरुस्त केले. काम झालं की चालू मोटरवर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचे. पाणी सांडलं नाही, तरच म्हणायचे, “झालं सेट.” त्याआधी कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत.

आई गेल्यावर मी त्यांना शहरात, गारखेड्याला माझ्याकडे आणलं. पण लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणारा हा माणूस. पिशवी त्यांनी रिकामी केलीच नाही. कपडे धुवायचे आणि परत तिच्यातच ठेवायचे. दिलं ते खायचे, मागायचे काहीच नाहीत. मला संताप यायचा आणि भीतीही वाटायची, एक दिवस हे न सांगता एसटीत बसतील.

एका रविवारी बाल्कनीत वॉशिंग मशीन धडधडायला लागलं. बाबा उठून आले.

“हे असं नाचतंय कशाला?”

“जुनं झालंय, बाबा.”

“जुनं झालं म्हणून कुणी नाचत नाय. पाय टेकले नाय त्याचे.”

पिशवीच्या तळातून त्यांनी नटबोल्ट पिळायचे पाने काढले. मशीनखाली वाकून एकेक पाय वरखाली केला. मग मशीन चालू करायला लावून वर भरलेला पेला ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं नाही.

“झालं सेट,” ते म्हणाले आणि तेच पाणी घटाघटा प्यायले.

पाने मात्र पिशवीत गेले नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांशेजारी त्यांनी ते नीट मांडले. “ऱ्हाऊ दे इथंच. लागतील परत.” मग खुर्ची ओढून बसले. “चहा टाक, बाई. आलं घाल जरा.”

माझ्या घरात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी ओट्याकडे तोंड करून रडले, आणि आलं जरा जास्तच किसलं.