रबरी हातोडा

"ट्रिगर ओढायचं नुसतं मनात आणलं तरी सुटतो, साठेबाबू," डॉक्टर गुहा म्हणाले आणि आपलं पॉइंट टू-टूचं पिस्तूल पेटीत ठेवून निघाले. मीही हुरळून गेलो.

पन्नास-एकावन्न सालची गोष्ट. कलकत्त्यात धरमतल्याजवळ बंदुकांच्या एका दुकानात मी आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री होतो. गुहा बालीगंजचे सर्जन, पंचावन्नच्या पुढचे. बंगालच्या नेमबाजी टीममध्ये यायची ही शेवटची संधी, असं ते स्वतःच म्हणत. रविवारी ट्रायल होती, आणि त्यांच्या पिस्तुलाचा ट्रिगर जड, खरखरीत. ओढताना नेम हलायचा.

आत ताणलेल्या हॅमरला एक छोटी खिट्टी अडवून धरते. तिला सिअर म्हणतात. ट्रिगर ओढला की ती सरकते, हॅमर पडतो आणि गोळी सुटते. पकड गुळगुळीत करायची, पण सैल करायची नाही. मी तीन दिवस खपलो. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे नळी वर धरून ट्रिगरला ठरलेलं वजन टांगलं. ट्रिगरने ते पेललं. पास.

एक टेस्ट मात्र राहिली. रिकामं पिस्तूल ताणून त्याला चहूबाजूंनी रबरी हातोड्याने ठोकायचं. हॅमर जागचा हलता कामा नये. आपलं महागडं पिस्तूल कोणी ठोकलेलं गिऱ्हाइकाला बघवत नाही, म्हणून आमच्याकडे हे काम त्याच्या पाठीमागे उरकायचा रिवाज. गुहा शुक्रवारी सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच आले, खूश झाले, आणि मी हातोडा ड्रॉवरमध्येच राहू दिला.

ते गेल्यावर चैन पडेना. मालकांचं म्हणणं, गिऱ्हाईक खूश आहे तर खाजवून खरूज कशाला काढायची? मी हातोडा पिशवीत टाकला आणि बालीगंजची ट्राम पकडली.

गुहांनी हौसेने पिस्तूल पुढे केलं. मी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, ताणलं आणि ठोकायला लागलो. तिसऱ्या ठोक्याला हॅमर आपोआप पडला. ट्रिगरला माझं बोटही लागलं नव्हतं. रेंजवर शेजारी माणसं उभी असतात, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एखादा आत राहू नये म्हणून मी पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे मोजतो," गुहा म्हणाले. "तुम्ही शिवल्यावर मोजायला आलात."

मी मान खाली घातली. उद्या दुपारपर्यंत नवी खिट्टी बसवतो, म्हणालो, पण ट्रिगर पुन्हा थोडा जड होईल.

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "बसवा."

शनिवारी मी नवी खिट्टी बसवली, ठोकून तपासली आणि पिस्तूल त्यांना दिलं. रविवारी त्यांची निवड दोन गुणांनी हुकली. सोमवारी ते दुकानात आले, तेव्हा मी माफी मागायला उभा राहिलो. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही. पेटी काउंटरवर उघडली.

"ठोका, साठेबाबू. मी इथेच उभा आहे."

मी सगळ्या बाजूंनी ठोकलं. हॅमर हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि पेटी बंद केली.

ते दोन गुण मला अजून सलतात. ट्रिगरचं काम मी त्यानंतरही पुष्कळ केलं, पण हातोडा कायम गिऱ्हाइकासमोर चालवला. काहींना राग यायचा. येऊ द्यायचा.