तुमच्या मागं त्याचं कोण?

डॉ. विश्राम येळवंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भोसरीतल्या एका भाड्याच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि एका अख्ख्या कुटुंबाची उलटतपासणी घेत होते. मी परभणीहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात आले होते. दवाखान्यात विचारलं तर "साहेब मागच्या गल्लीत गेलेत" असं कळलं, म्हणून तिथे पोहोचले. खोलीच्या मधोमध टायगर नावाचा कुत्रा पसरला होता. तो इतका सुटला होता की त्याला उठून उभं राहता येत नव्हतं.

घरात आई, वडील आणि दोन मुलगे; तिघे पुरुष कंपनीत, तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. वडील म्हणाले, "मी फर्स्टला जाताना दोन चपात्या टाकतो. बाकी कोण बघतंय त्याच्याकडं?" थोरला म्हणाला, "सेकंडवरून येतो तेव्हा बिचारा उपाशीच असतो, म्हणून दूधभात देतो." धाकटा नाइट करून सकाळी येताना बिस्किटांचा पुडा आणायचा. आईंनी आपला हिस्सा शेवटपर्यंत सांगितला नाही, पण तो टायगरच्या पोटावर दिसत होता. आपण सोडून या मुक्या जिवाची कोणालाच काळजी नाही, अशी प्रत्येकाची खात्री होती.

डॉक्टरसाहेबांनी कोणालाही दोष दिला नाही. त्यांनी कुत्र्याची ॲल्युमिनियमची ताटली उचलली आणि फरशीवर पालथी ठेवली. "ज्यानं खायाला घातलं त्यानं ही अशी पालथी घालायची. पालथी दिसली की नुसता अंगावरून हात फिरवायचा आन् गप झोपायचं. उताणी करायची ती फक्त आईंनी, सकाळी आन् सांजच्याला. पाण्याचं भांडं मात्र कधीच पालथं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नोकरीसाठी आलीस व्हय? मग याला उचलायला हात लाव." माझी मुलाखत तेवढीच झाली.

या गौरवग्रंथाच्या समितीने मला लेख मागताना "जरा प्रसन्न लिहा" असं बजावलं होतं. मी हो म्हटलं खरं, पण ते माझ्याच्याने होणार नाही असं दिसतंय. दवाखान्याचं शटर दिवाळीपासून खाली आहे. डॉक्टरसाहेबांचा उजवा हात थरथरतो, त्यांच्याच्याने सुई धरवत नाही. आणि ज्यांचा हा पंचाहत्तरीचा सत्कार आहे त्यांना तो मुळातच नको आहे. "मेल्यावर बोलायचं ते आत्ताच बोलून घेणार का?" असं त्यांनी मला विचारलं. अशा माणसावर हारतुऱ्यांची भाषा वापरायला मन घेत नाही.

डॉक्टरसाहेब मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. त्यांनी शिक्षण घेतलं ते गाई-बैलांसाठी. पण ते डॉक्टर होऊन बरीच वर्षं झाल्यावर जमिनी कंपन्यांकडे गेल्या, गोठ्यांच्या जागी कामगारांसाठी खोल्या उभ्या राहिल्या आणि बैल विकले गेले. उतरत्या वयात त्यांनी मांजरांचं औषधपाणी नव्याने शिकून घेतलं. कधी त्यांच्याबरोबर चाकणकडे जाताना एका कंपाउंडच्या भिंतीपाशी ते गाडी हळू करायला सांगत. "हितं आमचा गोठा व्हता," एवढंच म्हणत.

त्यांचा राग मी फार थोड्या वेळा पाहिला. एकदा एक बाई तापाने फणफणलेलं मांजर घेऊन आल्या. त्यांनी मायेपोटी स्वतःची तापाची गोळी अर्धी करून त्याला भरवली होती. मांजराला ती गोळी विषच. ते आमच्या टेबलावरच गेलं. डॉक्टरसाहेब त्या बाईंना एक शब्दही बोलले नाहीत, उलट रिक्षा बोलावून घरी पोहोचवलं. मग मात्र माझ्यावर उखडले. "सुई टोचून मोकळी व्हतीस तू. जाणाऱ्याला सांगायला नको, माणसाची गोळी देऊ नका म्हणून?" त्या बाई आमच्याकडे आधी कधी आल्याच नव्हत्या, पण डॉक्टरसाहेबांना कोणावर तरी रागवायचं होतं. तेव्हापासून दवाखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगत आले.

दवाखान्यात सोडून दिलेली जनावरंही येत. कंत्राट संपलं की माणसं गावी परततात, आणि कुत्री-मांजरं खोलीच्या दाराशी राहतात. त्यांना घर शोधून देताना डॉक्टरसाहेबांच्या दोन अटी असत. एक, मांजर न्यायचं तर खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी हवी. ती ते स्वतः जाऊन हाताने ओढून बघत, सैल लागली तर तसेच परत येत. दुसरी अट म्हणजे एक प्रश्न. "तुमच्या मागं त्याचं कोण?" याला नाव सांगावं लागे. "बघू की", "देव आहे" असली उत्तरं त्यांना चालत नसत.

या प्रश्नापायी मी त्यांच्याशी भांडले आहे. पिंपरीचे परबकाका कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले. पत्नी गेल्यावर ते एक पिल्लू मागायला आले. सदऱ्याला इस्त्री, हातात नवा पट्टा. डॉक्टरसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "पिल्लू पंधरा वर्सं जगतं. तुमच्या मागं त्याचं कोण?"

परबकाका पट्ट्याकडे बघत राहिले. "माझ्या मागचं काय विचारता, डॉक्टर," ते म्हणाले, "माझ्या पुढे तरी कोण आहे?"

डॉक्टरसाहेबांनी पिल्लू दिलं नाही. परबकाका पट्टा खिशात घालून गेले. मी नंतर खूप बोलले, नाही नाही ते बोलले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेब मला घेऊन पिंपरीला गेले. पिंजऱ्यात ठमी होती. दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी सोडलेली म्हातारी मांजर, एका डोळ्याने अधू, दात पडलेले. पिंपरीत पोहोचल्यावर त्यांनी आधी जाळी ओढून बघितली, मग पिंजरा उघडला. "काका, हिचं वय बी तुमच्यावानीच हाय. पाणी दोन-तीन जागी ठिवा, म्हातारपणी मूत्रपिंडं दमत्यात. हिच्या शी-शूच्या मातीचा ट्रे रोज साफ करा, न्हाईतर ती रुसंल. खाणं घातलं की ताटली पालथी, म्हंजी आपणच इसरून दोनदा घालायला नको."

परबकाकांनी हळूच विचारलं, "आणि माझ्या मागे?"

"मागं मी हाय."

त्या दोघांचं छान चाललं. परबकाका दर महिन्याला ठमीला दाखवायला आणत आणि तिच्या तक्रारी सांगता सांगता स्वतःच्याही सांगून घेत. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा परबकाका आरामखुर्चीतच गेलेले होते. ठमी त्यांच्या पायाशी होती. स्वयंपाकघरात तिची ताटली पालथी होती आणि पाण्याची भांडी काठोकाठ भरलेली. डॉक्टरसाहेब त्या ताटलीपाशी उकिडवे बसले आणि रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी ठमीला उचललं आणि आपल्या घरी आणलं.

त्यांच्या पत्नी, आमच्या माई, गेल्यापासून त्या घरात ते एकटेच असतात, चिरंजीव परदेशी आहेत. ठमीची मूत्रपिंडं आता दमली आहेत, तिला कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. ते मी जाऊन देते, कारण डॉक्टरसाहेबांना आता हातावर भरवसा नाही. ते तिला मांडीवर धरून बसतात. त्यांचा हात तिच्या पाठीवर थरथरत असतो आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

परवा सलाइन चालू असताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, माझ्या मागं हिचं कोण?"

मी म्हटलं, "असं काय बोलता, साहेब. तुम्ही शंभरी गाठणार." चारचौघांत म्हणतात तसंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं उत्तर देणाऱ्या माणसाला त्यांनी आजवर जनावर दिलेलं नाही. पण आमच्या घरी सासूबाईंना मांजर चालत नाही. डॉक्टरसाहेब सलाइन संपल्यावर "चहा घेऊन जा" म्हणाले.

त्या दिवशी घरी जाऊन मी सासूबाईंशी बोलले. त्या बऱ्याच कुरकुरल्या, जेवताना अबोला धरून झाला. शेवटी भांडी आवरताना त्यांनीच विचारलं, "निजेल कुठं ती?"

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतावं, असा अशा लेखाचा रिवाज आहे. डॉक्टरसाहेब, माझी इच्छा त्याहून लहान आणि जास्त हट्टाची आहे. तुम्ही ठमीच्या नंतर जावं. तिने एकदा खुर्चीपाशी बसून वाट पाहिली आहे, तिला ते दुसऱ्यांदा करायला लावू नका. पण तुम्हाला असल्या इच्छा पुरत नाहीत, तुम्हाला नाव लागतं. तर आमच्या बाल्कनीला आणि सगळ्या खिडक्यांना काल जाळी बसवून घेतली. समारंभ झाला की घरी या आणि हाताने ओढून बघा.