लिंबाची डहाळी आणि आमचे अण्णा

माझ्या बापाचं काम जावं म्हणून मी रोज आठ तास काम करते.

वाचायला कसंतरी वाटलं ना? मलाही लिहिताना वाटलं. पण खरं आहे ते.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. गाव सास्तूरजवळ. तीस वर्षं हेवी ट्रक चालवला. इकडून साखर भरायची, हैदराबादला उतरवायची, येताना मिळेल तो माल घ्यायचा. वाटेत कानडी ड्रायव्हर भेटला की कानडीत भांडायचे, घरी आले की मराठीत.

नळदुर्ग ओलांडलं की आईला फोन यायचा. "भाकरी टाक." बास, एवढंच.

आणि मी पुण्यात, ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या ट्रकच्या प्रोजेक्टवर.

काम तसं सोपं आहे. रस्त्याचे व्हिडिओ येतात. त्यातल्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढायची आणि नाव द्यायचं. ही कार. ही बाई. ही म्हैस.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले, तेव्हा लॅपटॉप घेऊन गेले होते. दुपारी ओसरीत बसून काम करत होते. अण्णा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले.

"काय करायलीस गं?"

"ट्रकला रस्ता शिकवतीय."

"ट्रकला? मग ड्रायव्हर काय करतोय?"

"त्यात ड्रायव्हर नसतो, अण्णा."

"आरं तिच्या! मग पोलिसाच्या शिव्या कोण खातंय?"

आम्ही दोघं हसलो. खरं तर मला हसू येत नव्हतं.

तेवढ्यात एक क्लिप आली. हायवे, आणि डाव्या लेनमध्ये हिरवी फांदी पडलेली. मी फटकन 'झाडझुडूप' लिहिलं आणि पुढं गेले.

"थांब. मागं घे. काय लिवलंस?"

"झाड."

"रस्त्याच्या मधी झाड उगवतंय व्हय? लिंबाची डहाळी हाय ती. पुढं गाडी बंद पडलीय कुणाची तरी. मागच्यानं हळू यावं म्हणून डहाळी ठेवतेत."

मी क्लिप पुढं सरकवली. वळणावर खरंच एक ट्रक जॅकवर उभा होता.

ड्रायव्हरची लेक मी. आणि आठ महिने असल्या सगळ्या डहाळ्या मी झाडात टाकत होते. आमच्या सिस्टिममध्ये 'झाडझुडूप' म्हणजे दुर्लक्ष करा. म्हणजे ट्रक त्या डहाळीवरून त्याच स्पीडनं पुढं जाणार!

पुण्याला गेल्यावर टीम लीडला सांगितलं. मीटिंग झाली. डहाळीला वेगळं नाव मिळालं, जुन्या क्लिपा परत तपासल्या. सगळ्यांनी वाहवा केली.

"तुला कसं कळलं?" टीम लीडनं विचारलं.

"ऑनलाइन वाचलं कुठंतरी," मी म्हणाले.

माझे वडील ड्रायव्हर आहेत, हे चार लोकांत सांगायला माझी जीभ रेटली नाही. लाज वाटते आज त्याची. लई लाज वाटते.

मी त्यांचं नाव लपवलं, हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांना उलट नादच लागला. जेवायला ढाब्यावर थांबले की फोन. "आज काय दिसलं तुला?"

मी सांगायची, ते उलगडून द्यायचे. उसाची ट्रॉली पुढं असली तर किती लांब राहायचं. मेंढरं दिसली की धनगराकडं बघायचं, मेंढरांकडं न्हाय. मी लिहून घ्यायची.

एकदा फोनवर मागून खलील चाचांचा आवाज आला. ते अण्णांचे जोडीदार, त्याच लाइनवरचे ड्रायव्हर.

"व्यंकटभाऊ, लेकीला शिकवायलाव का आपल्याच पोटावर पाय द्यायलाव?"

अण्णांनी फोन ठेवला. मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या सुट्टीत गेले आणि सरळ विचारलं. "चाचा खोटं बोलत नव्हते. तुम्हाला राग नाही येत माझा?"

"आमचं काम खरंच जाईल व्हय?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

"कधी ते कुणालाच नक्की माहीत नाही. आपल्याकडं उशिराच. पण सरळ, मोठ्या हायवेवर आधी जाईल. गावातले रस्ते, माल चढवणं, ताडपत्री बांधणं, याला माणूस लागेलच."

"म्हंजी गाडी ती चालवणार, आन् ताडपत्री आमी बांधायची."

आतून आई जेवायला हाका मारत होती. अण्णा उठले नाहीत.

मग म्हणाले, "हे बघ. म्या डहाळीचं सांगितलं नसतं, तर आमचं काम वाचलं असतं का? न्हाय. नुसता त्या बंद गाडीखाली जॅक लावणारा मेला असता. त्यो तर ड्रायव्हरच हाय न्हवं?"

आणि जेवायला गेले. परत हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ट्रक दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी माल भरायचा होता. खांदा द्यायला खलील चाचा पुढं होते.

तेराव्यानंतर ऑफिसला गेले. टीम लीड जवळ येऊन म्हणाली, "सॉरी गं. काय करायचे बाबा?"

"ट्रक ड्रायव्हर होते," मी म्हणाले. "डहाळीचं मी कुठं वाचलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं. आणि नंतरचंही बरंच."

आणि मला तिथंच रडू फुटलं, सगळ्या ऑफिससमोर.

अण्णा, तुम्ही जिवंत असताना हे सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं.

तुमच्या लेकीचा नमस्कार घ्या.