उजव्या कानाची नोंद

आई अमेरिकेत, सांता क्लाराला आली ती माझ्या बाळंतपणासाठी. बाळंतपणाला आलेल्या आईने स्वतः आजारी पडायचं नसतं, हा तिचा कायदा. त्यामुळे कान ठणकायला लागला तरी ती डोक्याला फडकं बांधून डिंकाचे लाडू वळत बसली. शेवटी मीच वैतागून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड देणं, हे माझं काम. त्यात नुसतं 'कान दुखतो' चालत नाही, उजवा की डावा ते लागतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधीच मी 'उजवा' सांगून मोकळी झाले. कान तर आतून स्वच्छ होता. गिळताना त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मराठीत सांगायच्या आत आई म्हणाली, "नो, नो. ऑल फाइन." घरी ती पोळी दुधात कुस्करून खात होती. मी ते बोलून टाकलं, तर गाडीत रुसून बसली.

"ओल्या बाळंतिणीने माझी काळजी करायची का?"

पुढे घशाच्या डॉक्टरांना जिभेच्या मुळाशी गाठ दिसली; कळ तिथूनच कानात जात होती. त्यांनी तिचा तुकडा तपासायला पाठवला. तरी नोंद तीच राहिली: कानदुखी, उजवी. नुसत्या शंकेला आमच्याकडे कोड नसतो. आजार सिद्ध होईपर्यंत तक्रारच लिहायची. एरवी या नियमावर मी चिडायची. त्या आठवड्यात मात्र त्यालाच धरून बसले होते.

एका दुपारी बाळ आईच्या मांडीवर होतं. माझ्या फोनवर दवाखान्याचं काहीतरी आलं, ते तिनेच उघडलं. इंग्रजी तिला बेताचंच येतं, पण ती एक ओळ आता ओळखीची झाली होती.

"अगं, कानदुखी काढली की यांनी," ती खुशीत म्हणाली. "दुसरंच काहीतरी लांबलचक लिहिलंय, पण कान कुठे नाही."

मूळ आजार सापडला, की त्यापायी होणारी तक्रार वेगळी लिहीत नाहीत. मी फोन घेऊन वाचलं. कॅन्सरच होता. नोंद अगदी बिनचूक होती, आणि तिचा मला मनापासून राग आला.

"म्हणजे आता पुन्हा जायला नको ना?" आईने विचारलं.

मी आधी बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.