शेवटच्या रांगेतले मास्तर

निजामाच्या अमलात मी तेरच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचो. मास्तरांनी एकमेकांच्या वर्गात बसून शिकावं, अशी टूम निघाली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक मास्तर माझ्याकडं आले. झुपकेदार मिशा, डोक्याला रुमाल. खुर्ची दिली तर नको म्हणाले आणि शेवटच्या रांगेत पोरांजवळ तरटावर मांडी घालून बसले.

समुद्र मीही पाहिला नव्हता, पोरांनीही नव्हता. तरी भरती-ओहोटी दणक्यात शिकवून मी विचारलं, "समझे?"

"जी हां!" सगळा वर्ग ओरडला.

मागून एक केसाळ हात वर झाला. "मला न्हाय समजलं."

मी पुन्हा फळ्याकडं वळलो. तोवर पोरांचेही हात भराभर वर आले.

जाताना ते म्हणाले, "पोरं भिऊन जी हां म्हणत न्हायत, मास्तर. तुमी एवढं जीव तोडून सांगता, तुमाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात मी तरटावर बसलो. त्यांनी फारसीचं व्याकरण जीव तोडून सांगितलं, रुमालानं कपाळ पुसलं आणि थेट माझ्याकडं बघत विचारलं, "समझे?"

मला काडीचं कळलं नव्हतं.

"जी हां!" मी ओरडलो.