हानबाईंचं पथ्य

हानबाईंच्या दवाखान्यात वजनकाटा नव्हता. समोर बसलं की त्या आपली दोन्ही मनगटं हातात घ्यायच्या आणि डोळे मिटून इतका वेळ नाडी बघायच्या, की आपल्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

दोन हजार चार साली मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून त्यांच्याकडे गेले ती वजन घटवायला. बाई सत्तरीच्या, पारंपरिक कोरियन वैद्यकी करणाऱ्या. इंग्रजी मोडकंतोडकं, पण प्रश्न नेमके.

"काय खाता?"

"सकाळी बर्फ घातलेला शेक, दुपारी सॅलड. भात बंद केलाय. शेजारणीचं पंचवीस पाउंड वजन उतरलं त्याने. मला मात्र चक्कर येते."

त्यांनी माझे गार तळवे चोळले. "तिची प्रकृती उष्ण असेल. तुमची थंड आहे. विझत आलेल्या चुलीवर बर्फ ओतलात, तर अन्न शिजणार कसं?" मग सहज विचारलं, "वजन वाढलं कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

आणि कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. व्हिसाचे कागद अडकले होते. पुण्याला गेले असते तर परत येता आलं नसतं. आईचं शेवटचं सगळं मी फोनवरून ऐकलं होतं.

"माझ्या आईच्या वेळी मीही नाही जाऊ शकले," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली."

त्या दिवशी त्यांनी औषध दिलं नाही. शिजवलेलं, गरम खायचं, भात सोडायचा नाही, जेवायला बसायचं आणि आधी रक्त तपासून घ्यायचं. "माझ्या बोटांना सगळंच कळत नाही," त्या म्हणाल्या. तपासणीत हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि बाईंचं पथ्य, दोन्ही चालू झालं. वजन सावकाश उतरलं. चक्कर मात्र महिन्याभरात थांबली.

तीन वर्षांनी दवाखाना बंद करून बाई कोरियाला, आपल्या गावी गेल्या. तिथून एकदाच फोन आला.

"आईच्या थडग्यापाशी बसून खूप रडले. मग कडकडून भूक लागली. तुम्हीही जाऊन या."

तोवर माझं ग्रीन कार्ड आलं होतं. मी पुण्याला गेले. आईच्या फोटोसमोर बसले. बाबांनी कुकर लावला, पानं घेतली, मला वाढलं. आम्ही दोघं आईबद्दल बोलत हात वाळेपर्यंत पानावर बसून होतो.

हे बाईंना सांगायचं म्हणून परतल्यावर फोन लावला. त्यांच्या भाचीने उचलला. बाई आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या.